न विकायचं दूध

त्या वर्षी लाण्याच्या झुडपांना पालवी धरली नाही. भादवा कोरडा गेला, नवरात्र झालं, दिवाळी येऊन गेली, तरी खाऱ्या पट्ट्यातली झुडपं काटक्याच राहिली. वेरशी रबारीचे उंट सकाळी वांढीतून, उंटपाळ रबारींच्या वस्तीतून, निघत ते एरवीपेक्षा कितीतरी लांब जात आणि संध्याकाळी अर्ध्या पोटानं परत येत. त्यांची कुबडं एका अंगाला कलली होती. उंटाचं कुबड कललं की रबारी माणूस त्याविषयी बोलत नाही. घरात आजारी माणूस असला की त्याच्यादेखत दुखण्याचं नाव काढू नये, तसंच हे.

तरी एका संध्याकाळी वेरशी बोलला. रोटला ताकात कुस्करताना, मान वर न करता म्हणाला, "जखुभाई येऊन गेला. संक्रांतीची उतराण झाली की गाडी आणतो म्हणाला."

त्याची बायको देवल चुलीशी बसली होती. "कशाला गाडी?"

"सांडण्यांना."

देवलच्या हातातला रोटला तव्यावरच राहिला. करपल्याचा वास आला तेव्हा तिनं तो उलटला.

नर उंट विकणं नवं नव्हतं. दर साली मेळ्यात दोन-चार जात, कोणी गाड्याला जुंपे, कोणी रणात सहलीच्या लोकांना बसवून फिरवी. सांडणी मात्र वांढीतून कधी गेली नव्हती. जखुभाई दलालाच्या गाड्या कुठं जातात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी उच्चारत नसे.

"जबान दिलीत?" देवलनं विचारलं.

"दिली. काय करू? आपला पोरगा राणो तिकडं गांधीधामला डंपर चालवतो. तो काही परत येत नाही. मी एकटा किती हिंडू?"

भिंतीला टेकून त्यांची मुलगी जालू उद्योजकतेचं पुस्तक वाचत होती. तालुक्याच्या कॉलेजात ती दुसऱ्या वर्षाला होती. वांढीतून कॉलेजात गेलेली पहिलीच पोर. हा विषय तिनं आवडीनं घेतला असं म्हणता येणार नाही. दुसऱ्या विषयाचा तास सुटेपर्यंत वांढीच्या फाट्याला थांबणारी शेवटची बस निघून जाई, म्हणून हा घेतला. पण घेतल्यावर तो डोक्यात शिरला होता खरा. तिनं पुस्तक मिटलं.

"बापा, फाट्यावर दूध संघाची गाडी येते. पलीकडच्या वांढीतले लोक सांडणीचं दूध घालतात तिच्यात."

"घालू देत."

"आपण घातलं तर जनावर विकावं लागणार नाही."

वेरशीनं ताटली बाजूला सारली. "दूध विकणं म्हणजे पूत विकणं. माझ्या बापानं विकलं नाही, त्याच्या बापानं विकलं नाही. तुझ्या पुस्तकात हे लिहिलेलं नसेल."

"नाही लिहिलेलं."

"मग पुस्तक अर्धंच आहे," असं म्हणून तो उठला. उठताना त्यानं खांबाला धरलं. जालूनं ते पाहिलं.

कॉलेजात उद्योजकता शिकवायला वसावडा मॅडम होत्या. उंच, चष्म्याच्या, भराभर बोलणाऱ्या. त्यांचं म्हणणं, पोहणं फळ्यावर शिकता येत नाही आणि धंदाही येत नाही. म्हणून त्यांनी कॉलेजच्या आवारात बाजार भरवला. ज्यानं त्यानं काहीतरी विकायचं आणि विक्रीवर गुण मिळवायचे. धवलनं दाबेलीची गाडी लावली. हेतलनं मोबाइलची कव्हरं मांडली. जालूनं घरातून दुधाचा कॅन आणला होता. "वाटायला ने, विकायला नाही," असं बापानं बजावलं होतं. तिनं मान हलवली होती, पण विकायचं हे तिचं बसमध्येच ठरलं होतं. दुधाचा चहा करायचा, गूळ घालून, आणि पेल्याचा भाव सांगायचा. पुठ्ठ्यावर भाव लिहूनसुद्धा ठेवला होता.

पहिली आली ती आवार झाडणारी बाई. पदर सावरून तिनं हात पुढं केला आणि म्हणाली, "सांडणीचं आहे का गं? माझी आई सांगायची या दुधाचं. दे बघू."

जालूची जीभ उचलेना. दुधासाठी पुढं आलेल्या हाताला भाव सांगायचा, हे तिच्या कोणत्याच पिढीनं केलेलं नव्हतं. तिनं पेला भरला आणि दिला. मागून शिपाई आला, मग दाबेली खाऊन तिखट लागलेली पोरं, मग ग्रंथपाल. प्रत्येकाचा हात पुढं आला की तिचा हात कॅनकडे जाई. पुठ्ठा तिनं पायाखाली सरकवला. दुपारपर्यंत कॅन रिकामा झाला. सगळ्या बाजारात तिच्याइतकी गर्दी कोणाकडे नव्हती.

संध्याकाळी मॅडम एकेकाची विक्री विचारत आल्या. "जालू?"

"कॅन संपला, मॅडम."

"ते दिसतंय. विक्री किती?"

जालूनं पायाखालचा पुठ्ठा आणखी मागं ढकलला.

"फुकट वाटलं?" मॅडमनी चष्मा काढला. "सगळं?"

"मागितलं त्यांनी."

पोरं हसली. धवल म्हणाला, "जालूबेन, पुढच्या वेळी सांडणीच आणा ना. दाराशी बांधू. येईल त्यानं पिळावं."

मॅडम हसल्या नाहीत, पण म्हणाल्या, "दानधर्म चांगला, पण त्याचा पेपर आपल्याकडे नाही. शून्य लिहिते. सत्र संपेपर्यंत खरी विक्री दाखव, नाहीतर विषय राहील तुझा."

बसमध्ये शेजारच्या बाईनं नाकाला पदर लावला. उंटाचा वास जालूच्या कपड्यांना कायमच होता, त्याचं तिला आता काही वाटत नसे. तिचा राग मॅडमवर नव्हता, धवलवरही नव्हता. स्वतःच्या जिभेवर होता. शून्य मिळाल्याचं दुःख पुसता येईल, पण उतराण जवळ येत होती, आणि तोंडातून भाव निघत नसेल तर सांडण्या जाणार, हे तिला खिडकीबाहेरच्या उघड्या माळाइतकं स्वच्छ दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास ती वाड्यात गेली. थंडी बोचरी होती. काटेरी कुंपणाआड सांडण्या उभ्या होत्या, पिल्लं वेगळ्या कुडात कोंडलेली. वेरशीनं एक पिल्लू सोडलं. ते धावत जाऊन आईला लुचलं, सांडणीनं पान्हा सोडला, तसं त्यानं पिल्लाला ओढून बाजूला केलं. मग उजवा पाय उचलून डाव्या गुडघ्यावर टेकवला, मांडीवर तपेली ठेवली आणि एका पायावर उभा राहून दोन्ही हातांनी धारा काढू लागला. सांडणी अशीच पिळायची असते. बसून हात पोचत नाही आणि तपेली धरायला तिसरा हात नसतो.

जालू पाहत होती. बापाचा डावा पाय थरथरत होता. थोड्या धारा झाल्या नाहीत तोच त्यानं तपेली खाली घेतली आणि पाय टेकला. "पुरे. पिल्लांना राहू दे. दुष्काळाचं साल आहे."

हे ती सगळा हिवाळा ऐकत होती. आज तिला ते नीट ऐकू आलं.

"बापा, दूध विकणं म्हणजे पूत विकणं ना?"

"पुन्हा तेच."

"हो की नाही?"

"हो."

"मग मोरडी सांडणीचा नर गेल्या मेळ्यात कोणी विकला? तो तर तिचा खराखुरा पूत होता. दोन दिवस ओरडत होती ती. दूध आज काढलं तर उद्या पुन्हा येतं. पूत आला का परत?"

वेरशीचा हात दोरीवर थांबला. "जीभ लांबली तुझी. मोमाई मातेनं उंट आपल्याला राखायला दिलेत, धंद्याला नाही."

"मी राखायचंच बोलते. उतराणीनंतर काय राखणार? कुंपण?"

एका सांडणीनं मान खाली घालून जालूचा खांदा हुंगला. मग वेरशीनं तपेली तिच्या पायाशी ठेवली. "माझ्या हातानं विकायचं दूध निघणार नाही. तुला विकायचं तर तू काढ."

बोलणं संपवायची ती रीत होती. बायका सांडणी पिळत नसत. लोकर कातावी, पाणी आणावं, पिल्लांना पाला घालावा, पण धार काढायला पुरुषच. वांढीत कुठल्याच बाईनं ते केल्याचं कोणाला आठवत नव्हतं. वेरशी कुंपणाबाहेर जाऊन पाठ करून बसला.

जालूनं ओढणी कमरेला खोचली, घागऱ्याचा घोळ वर आवळला आणि रातडी सांडणीच्या पिल्लाला सोडलं.

पहिल्या दिवशी ती तीनदा पडली. एका पायावर उभं राहणं सोपं, पण मांडीवर तपेली घेऊन, दोन्ही हात वर गुंतवून, पुढ्यात उंचच उंच जनावर हलत असताना उभं राहणं वेगळं. रातडी एक पाऊल सरकली की जालू कलंडे. तपेलीतलं घोटभर दूध मातीत गेलं. दुसऱ्या दिवशी सांडणीनं मागचा पाय झाडला तो तिच्या नडगीला लागला. तिसऱ्या दिवशी देवल न सांगता वाड्यात आली. पिल्लू धरलं, आणि आपली पाठ लेकीच्या पाठीला लावून उभी राहिली. "टेक. पण भार टाकू नकोस, मीही म्हातारी आहे."

"मा, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. त्यांच्या तोंडात दात आहेत, माझ्या पाठीत हाड आहे."

जालूच्या बोटांचे सांधे सुजले. कॉलेजात पेन धरवेना. हेतलनं विचारलं तेव्हा तिनं हात बाकाखाली घेतले. पण धार बसत गेली. अंगठा आत मुडपायचा, ओढायचं नाही, दाबून सोडायचं, हे बोटांना कळायला लागलं. एका सकाळी फेस तपेलीच्या काठाशी आला. तिनं पाय टेकला, तेव्हा लक्षात आलं की आईची पाठ केव्हाच पाठीशी नव्हती. ती पिल्लाला धरून लांब उभी होती.

वेरशी बाहेर विडी ओढत होता. त्यानं वळून पाहिलं नाही.

फाट्याची वाट सामतकाकाच्या चहाच्या टपरीवरून जात होती. सामतकाका वांढीतला मोठा माणूस, मोमाईच्या थानकाची पूजा त्याच्याकडे. पहिले दोन दिवस त्यानं जालूला कॅन घेऊन जाताना नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी टपरीपुढं माणसं बसली होती, एरवी इतक्या सकाळी नसत.

"थांब गं, वेरशीच्या पोरी," सामतकाका म्हणाला. त्यानं वाटी पुढं केली. "घसा सुकलाय. घाल जरा."

जालूनं कॅन उतरवला आणि वाटी भरली. ती त्यानं सावकाश पिऊन खाली ठेवली आणि मिशा पुसल्या. तेवढ्यात शेजारच्यानं वाटी काढली. त्याच्या शेजारच्यानंही. सगळ्यांच्या हातात वाट्या होत्या. कोणी हसत नव्हतं, पण डोळे हसत होते. दूध मागितलं तर नाही म्हणायचं नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि तिलाही. अशानं कॅन फाट्याला पोचायच्या आधीच रिकामा होणार होता, तोही धर्मानं.

कॉलेजच्या आवारात अडकली होती तशी जीभ पुन्हा अडकली. मग तिनं कॅनचं झाकण बसवलं आणि दाबून घट्ट केलं.

"काकांना दिलं, ते वयाचं दिलं," ती म्हणाली. "बाकीच्यांनी वाड्यावर या. तिथं हवं तितकं प्या, रीत आहे, मी नाही म्हणणार नाही. या कॅनमध्ये दूध नाही."

"मग काय आहे?"

"चारा आहे. सांडण्यांचा."

"नाही म्हणतेस दुधाला?" सामतकाकाचा आवाज चढला नाही. "पाप लागेल, पोरी."

"लागू दे. माझ्या नावावर लिहा. जखुभाईच्या गाडीचं कोणाच्या नावावर लिहिणार, तेही ठरवून ठेवा."

कोणीतरी खाकरलं. तिनं कॅन डोक्यावर घेतला. फाट्यावर गाडीतल्या माणसानं दुधाचा वास घेतला, एका बाटलीत थोडं नमुन्याला काढलं, कॅन ओतून रिकामा केला आणि नाव विचारलं. "वेरशी," असं तोंडाशी आलं होतं. तिनं "जालू" सांगितलं.

त्याची किंमत वांढीनं आवाड्यावर, जनावरांच्या पाण्याच्या हौदावर, वसूल केली. आवाड्यात विहिरीचं पाणी भरलं की कळप पाळीपाळीनं पाजायचे. वेरशीची पाळी वाडवडिलांपासून दुसरी. त्या संध्याकाळी त्याचा कळप पुढं झाला तेव्हा सामतकाकाच्या पुतण्यानं काठी आडवी धरली. "दूध विकणाऱ्यांनी शेवटी. पाणीही विकत घ्यायची सवय होईल."

वेरशी शेवटी थांबला. अंधार पडायला लागला, बाकीचे कळप पिऊन गेले, तळाशी शेवाळ आणि चिखल राहिला. सांडण्यांनी ओठ लावून माना वर केल्या. जालू विहिरीवर गेली आणि दोर सोडला. सुजल्या बोटांनी ती पोहरा ओढू लागली. वेरशी दोराच्या दुसऱ्या टोकाला येऊन उभा राहिला. दोघांनी मिळून आवाडा पुन्हा भरला. घरी जाताना तो एवढंच म्हणाला, "सामतचा पुतण्या. त्याच्या बारशाला दूध आपल्या वाड्यातून गेलं होतं."

तो रागावून बोलला की दुःखानं, हे जालूला कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी तपेली त्यानंच घासून कुडाच्या दारात ठेवलेली होती.

इकडे कॉलेजात वसावडा मॅडम खूश होत्या. विक्री सुरू झाली होती. बाहेरून पाहुणे येणार होते, त्यांच्यापुढं जालूनं आपला उद्योग मांडायचा असं त्यांनी ठरवलं. एका मुलानं बाटलीवर लावायला चित्र काढलं. काळी लोकरीची ओढणी, गळ्यात चांदी, मागं वाळू, आणि वर लिहिलं होतं, 'रणाची राणी'.

"असाच तुझा फोटो लावायचा इथं," मॅडम म्हणाल्या. "आजीचे दागिने असतील ना घरी? ते घालून ये त्या दिवशी."

"दूध मी देत नाही, मॅडम."

"म्हणजे?"

"सांडणी देते. फोटो तिचा लावा. चांदी मी घालीन नाहीतर नाही, तिच्या नाकात कडी आहेच."

वर्ग हसला, पण या वेळी हसणं तिच्या बाजूचं होतं. मॅडमना राग आला असावा. थोडं थांबून म्हणाल्या, "गिऱ्हाइकाला गोष्ट लागते, जालू."

"मग खरी सांगते. वांढीत आम्हाला पाणी शेवटी मिळतं. लिहा बाटलीवर."

मॅडमनी चित्र घडी करून पुस्तकात ठेवलं. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही, आणि पाहुण्यांपुढं हेतल बोलली.

उतराण आली. तालुक्याहून उडून आलेले पतंग वेड्या बाभळीत अडकून फडफडत राहिले. घरात तिळाची चिक्की झाली, पण कोणी दुसरा तुकडा मागितला नाही. देवलनं दोनदा विचारलं, "जखुभाईला निरोप धाडलात का, नको म्हणून?" आणि दोन्ही वेळा वेरशी म्हणाला, "जबान दिलीय." संघाचे पैसे येऊ लागले होते, सांडण्या विकायचं कारण उरलं नव्हतं, हे त्याला दिसत नव्हतं असं नाही. पण रबारी माणसाची जबान ही वाड्याच्या कुंपणासारखी. एका जागी मोडली की सगळाच वाडा उघडा पडतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी, धार काढायच्या वेळेला, बाभळींमधल्या चिंचोळ्या गल्लीतून गाडी घरघरत आली. फांद्या दोन्ही अंगांना करकरत होत्या. गाडी थेट वाड्याच्या तोंडाशी थांबली. जखुभाई उतरला. इस्त्रीचा सदरा, हातात किल्ल्यांचा जुडगा. मागून दोन माणसं दोर घेऊन उतरली.

"राम राम, वेरशीभाई. दुभत्या सांडण्या आधी चढवू, मग बाकीच्या."

"राम राम," वेरशी म्हणाला. तो दगडावर बसला होता, काठी दोन्ही पायांच्या मध्ये धरून. त्यानं जालूकडे पाहिलं नाही. "जबान झाली आहे."

देवल तोंडाला ओढणी लावून कुडाशी उभी होती. गाडी आली म्हणताच टपरीवरचे लोकही आले होते. सामतकाका सगळ्यांच्या पुढं होता आणि खालच्या मातीकडे पाहत होता. या वाड्यातल्या सांडण्यांच्या आज्यांना त्याच्या बापानं कळपाच्या खुणेचे डाग दिलेले होते.

जालूच्या हातात तपेली होती. लांब फाट्यावर दूध संघाच्या गाडीचा हॉर्न ऐकू आला. आजचं दूध अजून काढायचं होतं. तिनं एकदा फाट्याच्या दिशेला पाहिलं, मग तपेली पालथी घातली आणि कुडाचं दार उघडलं. एकदम, सगळं.

पिल्लं सुटली. रात्रभर कोंडलेली, उपाशी, लांब पायांची ती पिल्लं एकमेकांवर आदळत वाड्यात घुसली आणि ज्यानं त्यानं आपली आई गाठली. दोर घेतलेला एक माणूस धक्का लागून कुंपणावर बसला आणि ओरडत उठला. क्षणात सगळ्या वाड्यात एकच आवाज उरला, चोखण्याचा.

"हे काय?" जखुभाई म्हणाला.

"पिताहेत," जालू म्हणाली.

"ओढा रे ती बाजूला," त्यानं माणसांना सांगितलं. एक जण पुढं झाला.

"थांब," वेरशी म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण माणूस थांबला. "पिल्लू सडाला असताना सांडणीला हात लावत नाहीत. जखुभाई, तुमची दाढी उंटांत पांढरी झाली. तुम्हाला हे मी सांगू?"

जखुभाईनं आजूबाजूला पाहिलं. सामतकाकानं मान हलवली. "ते खरं आहे," तो म्हणाला. "तसं कोणी करत नाही." पुतण्यानं त्याच्याकडे चमकून पाहिलं.

"बरं, थांबू," जखुभाईनं सदऱ्याच्या बाह्या सरळ केल्या. "किती वेळ?"

वेरशी काठीवर भार देऊन उठला. उठायला त्याला वेळ लागला, आणि या वेळी त्यानं ते कोणापासून लपवलं नाही. "मला काय विचारता? गुडघ्यानं साथ सोडली, वाड्यातलं दूध मी काढत नाही आता. ज्याच्या हातचं दूध, त्याला विचारा."

सगळ्यांनी जालूकडे पाहिलं. भर वांढीत, पुरुषांच्या देखत बापानं हे म्हटलं होतं. तिचे कान तापले. तिला वाटलं आता जीभ अडकेल. अडकली नाही.

जखुभाई हसला, लहान मुलीशी हसावं तसा. "बोल, दीकरी. किती वेळ?"

"आपणहून तोंड काढीपर्यंत."

"म्हणजे कधी?"

"यांचं पिणं सुटायला पुढची उतराण येईल. तोवर बाकीच्या व्यातील, मग त्यांची पिल्लं. तुम्ही चक्कर टाकत जा, काका. चहा मिळेल. दुधाला आमच्यात नाही म्हणत नाहीत."

मागं कोणाला तरी हसू फुटलं आणि त्यानं ते खोकल्यात दडवलं. जखुभाईचा चेहरा बदलला. "वेरशीभाई, ही मस्करी आहे? तुमची जबान होती."

"आहे," वेरशी म्हणाला. "मी मोडलेली नाही. सगळी पिल्लं सुटली असतील त्या दिवशी गाडी आणा. मी इथंच असेन."

"असा दिवस येतो का कधी?"

"चांगल्या कळपात नाही येत," वेरशी म्हणाला आणि पुन्हा दगडावर बसला.

जखुभाईनं किल्ल्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या. सामतकाकाकडे पाहिलं. सामतकाका पिल्लांकडे पाहत होता. मग जखुभाईनं दोरवाल्यांना मानेनंच खूण केली आणि तिघं गाडीत चढले. जाताना म्हणाला, "पावसानं पुढच्या साली तोंड फिरवलं, तर मला बोलावू नका."

फाट्यावरचा हॉर्न केव्हाच थांबला होता. दूध संघाची गाडी जालूच्या कॅनशिवाय निघून गेली असणार. पिल्लांच्या तोंडांना फेस आला होता. जालूनं हात धुतले, ओढणी सोडून डोक्यावर घेतली, घरातून पुस्तकांची पिशवी आणली आणि खांद्याला अडकवली.

"कुठं निघालीस?" देवलनं विचारलं.

"कॉलेजला. बस यायची वेळ झाली."

गल्लीत जखुभाईची गाडी तोंडासमोरच उभी होती. दोन्ही अंगांना बाभळी, वळायला जागा नव्हती. वाड्यासमोरच्या मोकळ्यात वळवायला गाडी पुढं घ्यायची होती, ड्रायव्हरनं हॉर्न दिला, बाजूला हो म्हणून. बाजूला व्हायला काटे होते. जालू थांबली नाही आणि बाजूलाही झाली नाही. ड्रायव्हरनं पुन्हा हॉर्न वाजवला, मग शिवी दिली, मग मागचा गिअर टाकला. गाडी मागं सरकू लागली, फांद्या पुन्हा करकरल्या. काचेआड जखुभाई बसला होता. जालू आपल्या चालीनं चालत राहिली, ना भरभर ना हळू, आणि फाटा येईपर्यंत गाडी तिच्यापुढं मागं मागं जात राहिली.